बाबांच्या उरलेल्या औषधांचं काय केलं: जून ते सप्टेंबर

बाबा २१ जून २०२५ ला गेले. त्यांच्याबद्दल लिहायला मला अजून जमणार नाही, हे लिहितेय ते त्यांच्या औषधांबद्दल. तेरावं झाल्यावर घरात जे काही मागे उरलं होतं त्यात सगळ्यात जास्त छळलं ते यांनीच. कपडे देऊन झाले, भाड्याची कॉट आणि हवेची गादी ज्याची त्याला परत गेली, पण दोन कापडी पिशव्या आणि एक बुटाचा खोका भरून औषधं, त्यांचं काय करायचं हे धड सांगणारं कोणी भेटेना. नेटवर शोधलं तर सगळीकडे ‘गरजूंना द्या’ एवढंच. कुणाला द्यायची, कुठल्या खिडकीवर, काय कागद लागतात, ते कोणी लिहीत नाही. म्हणून बारीकसारीक सगळं लिहितेय, लांबलंय, चालवून घ्या.

आधी थोडं मागचं. बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता, २०२१ च्या शेवटी कळला. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे औषधांची वही सुद्धा डेपोतल्या रजिस्टरसारखी. डावीकडे गोळीचं नाव, मग ‘सुटण्याची वेळ’, मग ‘प्रत्यक्ष सुटली’. सहाची गोळी सहा दहाला घेतली तर पुढे कारण लिहायचे, ‘चहा आधी झाला’. एबिराटेरोन नावाची कॅन्सरची गोळी होती, अडीचशेच्या चार रोज, तीही रिकाम्या पोटी, घेतल्यावर तासभर काही खायचं नाही, त्यामुळे चहा आधी होणं हा आमच्या घरातला मोठा अपघात होता. त्याच्याबरोबर प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड, स्टेरॉइडमुळे शुगर वाढली म्हणून इन्शुलिन, मग बीपीची, ॲसिडिटीची, उलटीची, पोट साफ व्हायचं सिरप, असं करत करत गोळ्यांची फॅमिली वाढत गेली. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले एबिराटेरोनचा आता उपयोग होत नाहीये, बंद करू. आणि आम्ही एप्रिलमध्येच स्कीममध्ये तीन बाटल्या घेतलेल्या, दोनवर एक फ्री. एका बाटलीत १२० गोळ्या, म्हणजे एक महिना. बाटलीवर छापलेली एमआरपी आणि आम्हाला पडायची ती किंमत यात खूप तफावत असायची, तरी आम्हाला एक बाटली नऊ-साडेनऊ हजारांना पडायची. दोन बाटल्या सील न तोडलेल्या आणि एक उघडलेली, आत ७२ गोळ्या.

मावशी म्हणाली कुठेतरी टाकून द्या गं, आजारी माणसाच्या वस्तू घरात नको. मला ते जमेना. नऊ हजाराची बाटली कचऱ्यात टाकायला हात धजत नाही हे एक, आणि ओपीडीत बाबांच्या शेजारी बसलेले, ‘ह्या महिन्याला गोळी जमली नाही हो’ असं सहज सांगणारे लोक मी चार वर्षं बघितलेले, हे दुसरं.

६ जुलैला आषाढी होती, रविवार, धाकटा भाऊ आणि भावजय आले होते. खिचडी खाऊन झाल्यावर आम्ही सतरंजीवर सगळं ओतलं. माझी पहिली चूक म्हणजे मी नावाप्रमाणे लावत बसले, ए बी सी करत. तसं करू नका. आधी एक्सपायरी बघा, कारण पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न तोच असतो. आम्ही शेवटी चार ढीग केले, मुदत संपलेलं, सहा महिन्यांच्या आत संपणारं, त्याच्या पुढचं आणि उघडलेलं. फ्रीजमधलं वेगळं. एका ढिगात तर २०२३ ला मुदत संपलेलं खोकल्याचं औषध निघालं, ते आईचं होतं, आईने ते हळूच उचलून परत कपाटात ठेवायचा प्रयत्न केला.

दुसरी गोष्ट मला त्या दिवशी कळली ती कात्रीची. आपण स्ट्रिप कापतो ना, रोजच्या डबीत भरायला, ती कुठून कापतो याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. बॅच नंबर आणि एक्सपायरी बहुतेक स्ट्रिपवर एकाच टोकाला उठवलेली असते. ते टोक आधी कापलं गेलं की उरलेल्या सहा-सात गोळ्या अनाथ. त्यांचं नाव कळतं, पण वय कळत नाही. आमच्याकडे अशा ११ स्ट्रिपा निघाल्या, सगळ्या चांगल्या औषधांच्या, आणि त्यातली एकही पुढे कोणी घेतली नाही. घरात कोणी आजारी असेल तर एवढं एक आजपासून करा, छापलेलं टोक शेवटपर्यंत ठेवा.

भावजय सातव्या महिन्यात होती, ती पण मदतीला बसली. मी उघडलेल्या एबिराटेरोनच्या बाटलीतला कागद वाचत होते आणि त्यात लिहिलेलं की गरोदर बाईने ही गोळी ग्लोव्हज घातल्याशिवाय हाताळू नये. अंगावर काटा आला. तिने अजून त्या ढिगाला हात लावला नव्हता, तिला उठवून गॅलरीत बसवलं आणि यादी लिहायचं काम दिलं. चार वर्षं आम्ही ती बाटली डायनिंग टेबलवर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवत होतो.

यादी मी एक्सेलमध्ये केली. औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती गोळ्या, बॅच, एक्सपायरी, सील आहे की नाही, कुठे ठेवलं होतं. एकूण ४१ ओळी. शेवटचा कॉलम भावाने सुचवला आणि पुढे तोच सगळ्यात कामाला आला. प्रत्येक बाटलीवर बाबांचं मार्करने लिहिलेलं अक्षर, ‘दु. जे. नंतर’ असं काहीतरी. ते खोडायचं का असं भाऊ म्हणाला, मी म्हटलं बघू.

त्याच आठवड्यात मेडिकलवाल्याकडे गेले. आमचा ओळखीचा, डोंबिवली स्टेशनजवळचा, चार वर्षं सगळं त्याच्याकडून घेतलेलं. तो म्हणाला ताई, बिल असेल, महिन्याभरातलं असेल आणि पूर्ण स्ट्रिप असेल तर घेतो, फ्रीजमधलं घेत नाही. जूनची बिलं मी शोधून नेली, तीन स्ट्रिपा आणि इनॉक्झापॅरिनची (रक्त गोठू नये म्हणून देतात ती) चार इंजेक्शनं असे १,८६० रुपये परत मिळाले. तर सांगायचं हे की बिलं फेकू नका आणि पहिल्या पंधरा दिवसांत दुकानात जा. मला माहितीये त्या पंधरा दिवसांत सुचत नाही काही. पण घरातल्या एखाद्या भाच्या-पुतण्याला हे एक काम देऊन टाका, तेव्हा सगळे ‘काही लागलं तर सांग’ म्हणत असतात, तर सांगायचं.

मग मी एक मूर्खपणा केला. कॅन्सरच्या नातेवाईकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर एबिराटेरोनच्या बाटलीचा फोटो टाकला, ‘मोफत द्यायची आहे’ म्हणून. अर्ध्या तासात १७ मेसेज. त्यातले दोन-तीन खरेच पेशंट वाटले, बाकी कोण ते कळेना. एकाने सरळ लिहिलं, पाच हजार देतो एका बाटलीचे, प्रिस्क्रिप्शन वगैरे विचारू नका. एका बाईंचा फोन आला, त्यांच्या मिस्टरांना प्रोस्टेटचाच होता, पण डॉक्टरांनी ही गोळी लिहिलेलीच नव्हती, त्यांना फक्त वाटत होतं की महागाची आहे म्हणजे चांगली असेल. त्या फोननंतर मी पोस्ट काढून टाकली. रात्री झोप नाही आली. लिव्हरवर परिणाम होतो म्हणून बाबांच्या दर महिन्याला टेस्ट करायचे, पोटॅशियम बघायचे, आणि मी ती बाटली कुणाच्याही हातात द्यायला निघाले होते, कारण मला ती घरात नको होती.

ओळखीच्या एका वकिलांना विचारलं तर त्यांनी सांगितलं की औषध विकायलाच काय, साठवायला आणि वाटायला सुद्धा लायसन्स लागतं, १९४० च्या औषध कायद्याचं कलम १८. म्हणजे आपण शेजाऱ्याला क्रोसिन दिली तर कोणी पकडायला येत नाही, पण अशी औषधं लोकांना वाटत सुटायचं नाही, डॉक्टर किंवा दवाखान्याच्या मार्फतच द्यायची. त्यामुळे जो कोणी तुमच्याकडून औषध घेतोय त्याच्याकडे डॉक्टर किंवा फार्मासिस्ट बसतो का, हा प्रश्न आपण विचारायचा. लाजायचं नाही.

संस्थांना फोन करायला सुरुवात केली ती १४ जुलैला. कामावरून लंच टाइममध्ये रोज दोन-तीन फोन, असे नऊ ठिकाणी केले. नावं लिहीत नाही. तीन नंबर बंद. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत मुंबईत ‘मेड्स फॉर मोअर’ नावाने सोसायट्या-सोसायट्यांमधून उरलेली औषधं गोळा झाली होती, त्या बातम्या अजून वर येतात आणि आपल्याला वाटतं आजही असं सगळीकडे चालू असेल. मामाने दिल्लीच्या ओंकारनाथ शर्मांचा व्हिडिओ पाठवला, मेडिसिन बाबा म्हणतात त्यांना. २००८ मध्ये लक्ष्मीनगरला मेट्रोचं बांधकाम कोसळलं तेव्हा औषधाविना लोकांचे हाल बघून त्यांनी दारोदार फिरून औषधं मागायला सुरुवात केली, पायाने अधू असून. बघून बरं वाटलं, पण भर पावसाळ्यात कॅन्सरच्या गोळ्या कुरिअरने दिल्लीला पाठवायचं मला धाडस झालं नाही, मधे कुठल्या गोडाऊनमध्ये पडून राहतील कोण जाणे.

बाकीच्यांपैकी दोन ठिकाणी ‘आम्ही फक्त कंपनीकडून आलेला माल घेतो’ असं उत्तर मिळालं. पहिल्यांदा मला राग आला. एवढी चांगली औषधं देतोय आणि यांचा तोरा बघा. पण त्यातल्या एका ठिकाणच्या फार्मासिस्ट बाईंनी दहा मिनिटं काढून मला समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या ज्या मार्गदर्शक सूचना आहेत, पहिल्यांदा १९९६ मध्ये आलेल्या, त्यातच लिहिलंय की पेशंटला देऊन परत आलेली औषधं दान म्हणून पाठवू नयेत आणि माल पोचेल तेव्हा निदान वर्षभराची मुदत शिल्लक असावी. ते नियम मुळात एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मदतीसाठी आहेत, पण कारण तेच. दुकानातून बाहेर पडल्यावर ती बाटली कुठे होती हे कुणालाच सांगता येत नाही. उन्हात गाडीत होती का, गॅसजवळ होती का. त्या म्हणाल्या, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण गोळीकडे बघून ती तापलीय की नाही ते मला कळणार आहे का? याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर नकार मिळाला की मी ‘ओके, थँक्यू’ म्हणून पुढचा नंबर लावायचे.

मधल्या काळात मॉर्फिनचं निस्तरलं. शेवटचे सात आठवडे बाबा मॉर्फिनवर होते, दहाच्या गोळ्या, दर चार तासांनी. ३४ उरल्या होत्या. ही गोळी दान करायचा विचार सुद्धा करू नका, कितीही वाटलं की कोणीतरी दुखण्याने तळमळत असेल. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालचं औषध आहे, २०१४ च्या दुरुस्तीनंतर हॉस्पिटलांना मिळणं सोपं झालं पण हिशेब गोळीगणिक असतो. जिथून मिळाली त्या पॅलिएटिव्ह विभागातच, म्हणजे बरा न होणाऱ्या पेशंटचं दुखणं कमी करतात तिथेच, परत न्यायची. १८ जुलैला, शुक्रवारी, मी त्यांच्या ओपीडीत गेले, केसपेपर, डेथ सर्टिफिकेटची झेरॉक्स, माझं आधार. सिस्टरने गोळ्या माझ्यासमोर दोनदा मोजल्या, रजिस्टरमध्ये लिहिल्या, माझी सही, त्यांची सही. बाबांच्या वहीत ३५ शिल्लक दिसत होत्या. एक गोळी कमी. मला घाम फुटला. मग सिस्टरनेच वही चाळली आणि शेवटच्या पानावर सापडलं, माझ्याच अक्षरात, २० जून, ‘उलटी, परत दिली’. मी दिलेली आणि शिल्लक कमी करायची विसरलेले. सिस्टर म्हणाल्या, वही कोणी ठेवली एवढी छान? बाबांनी म्हटलं. मग थोडा वेळ तिथल्या बाकावर बसले, त्यांनी बसू दिलं.

२५ जुलैला मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक हॉस्पिटलात सुट्टी टाकून गेले, सकाळी साडेनऊला. चौकशी खिडकीवरून फार्मसी, फार्मसीतून स्टोअर, स्टोअरवाले म्हणाले आम्ही टेंडरचाच माल घेतो, समाजसेवा विभागात जा. समाजसेवा अधीक्षकांची रांग ही मुळात मदत मागणाऱ्यांची असते, योजनेचे फॉर्म, रेशन कार्ड, ऑपरेशनच्या पैशांसाठी ट्रस्टची पत्रं. मी तिथे हातात पिशवी घेऊन उभी, आणि माझ्यापुढे एक म्हातारे काका आपल्याकडे पिवळं कार्ड नसून केशरी आहे एवढंच तीनतीनदा सांगत होते. दीड वाजता माझा नंबर लागला. मॅडम चांगल्या होत्या, पण म्हणाल्या अर्ज द्या, यादी जोडा, सर बघतील, आम्ही फोन करू. अर्ज दिला, पोच घेतली. हे मात्र नक्की करा, आपल्या कॉपीवर शिक्का मारून घ्या, इनवर्ड नंबर असल्याशिवाय पुढे फोनवर कोणी ओळख देत नाही. तीन आठवडे झाले, फोन आला नाही. मी चारदा केला, दोनदा साहेब मीटिंगमध्ये, एकदा लंच, एकदा कोणी उचललाच नाही. मी त्यांना फार दोष देत नाही, ती रांग बघितल्यावर माझ्या ४१ ओळींची यादी त्यांच्या टेबलावर कुठे असेल याचा अंदाज आला होता. पण या तीन आठवड्यांत माझ्या यादीतल्या चार औषधांची मुदत सहा महिन्यांच्या आत आली. ‘वाट बघू’ म्हणून एकाच ठिकाणी थांबू नका, एकदम दोन-तीन ठिकाणी यादी देऊन ठेवा.

शेवटी वाट सापडली ती बाबांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडूनच. इतके दिवस मी त्यांना फोन केला नव्हता, का ते मलाही सांगता येत नाही, बाबा गेल्यावर त्यांच्याशी काय बोलायचं असं काहीतरी. त्यांनी सांगितलं की परळ-दादर भागात एका ट्रस्टचा धर्मादाय दवाखाना आहे. टाटा मेमोरियलला महाराष्ट्रभरातून, बिहार-बंगालमधून पेशंट येतात, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कोणी मिळेल तिथे, कोणी चक्क फुटपाथवर राहतात आणि महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची कॅन्सरची गोळी कुठल्यातरी योजनेतून निघते, पण बरोबरची साधी औषधं, उलटीची, ॲसिडिटीची, बीपीची, शुगरची, ती खिशातून. तिथे दर मंगळवारी आणि गुरुवारी फार्मासिस्ट बसतो, मी डॉक्टरांचं नाव सांगून फोन केला. यादी व्हॉट्सॲप करा म्हणाले. दुसऱ्या दिवशी उत्तर, प्रत्येक ओळीपुढे ‘हो’, ‘नाही’, ‘बघून ठरवू’. मी एवढी खूश झाले होते ना, दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी यादी वाचली होती.

१९ ऑगस्ट, मंगळवार, ठरला. आठवतोय ना तो दिवस? आदल्या दिवसापासून मुंबई पाण्यात, ठाण्याच्या पुढे लोकल बंद. मी पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तयार बसले होते, फार्मासिस्टचाच फोन आला, येऊ नका, आमच्या दारात गुडघाभर पाणी आहे. मग गणपती आले, दीड दिवसाचा असतो आमचा, पण यंदा सुतकाचं वर्ष म्हणून बसवला नाही, काकांकडे जाऊन दर्शन घेतलं. त्यात आणखी दिवस गेले. शेवटी ११ सप्टेंबर, गुरुवार.

पावणेअकराला पोचले. छोटी खोली, दोन लोखंडी कपाटं, भिंतीवर तापमान लिहायचा तक्ता. फार्मासिस्ट साठीच्या घरातले, त्यांनी आधी माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला, त्यात नाव-पत्ता, औषधं कुणाची होती, कशी ठेवली होती, आणि खाली ‘मी याबद्दल कोणताही मोबदला घेतलेला नाही’. मग एकेक वस्तू हातात घेऊन, खिडकीच्या उजेडात धरून बघितली. ‘फ्रीजवर ठेवायचात का?’ असा प्रश्न विचारला. मी गोंधळले. म्हणाले बरेच जण गोळ्यांचा डबा फ्रीजच्या वर ठेवतात, त्यांना वाटतं गार आहे, पण वर गरम असतं, फ्रीजची गरमी बाहेर येते ना. नशिबाने आमची जादाची औषधं बाबांच्या लोखंडी कपाटात असायची, आतल्या बाजूला, हे यादीच्या शेवटच्या कॉलममध्ये होतंच. इन्शुलिनची पेनं त्यांनी हातात सुद्धा घेतली नाहीत. न वापरलेली होती, फ्रीजमध्येच होती, पण आमच्याकडे जूनमध्ये एकदा सहा तास लाइट गेली होती, ते मी खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

४१ पैकी २३ ओळी घेतल्या. उलटीच्या ऑन्डॅनसेट्रॉनच्या सहा स्ट्रिपा बघून त्यांना एबिराटेरोनपेक्षा जास्त आनंद झालेला मला दिसला, आजच लागतील म्हणाले. न उघडलेली डायपरची तीन पाकिटं आणि दोन युरोबॅग (लघवीच्या पिशव्या) यादीत नव्हत्या, त्या सहज नेल्या होत्या, त्या पहिल्यांदा उचलल्या गेल्या. सील असलेल्या दोन बाटल्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या. या अशा कपाटातून दिल्या जात नाहीत, ज्या डॉक्टरांचा पेशंट आधीपासून हीच गोळी घेतोय त्यांच्याकडे ट्रस्टमार्फत जातात, डॉक्टर चिठ्ठी देतात तेव्हा. बाटलीवर बाबांनी मार्करने लिहिलेलं होतं, ‘स. ६.००, चहा नाही’. मी विचारलं हे पुसून देऊ का. ते म्हणाले पेशंटचं नाव असेल तर आम्ही पट्टी लावतो, हे राहू दे, बरोबरच लिहिलंय.

उघडलेल्या बाटलीतल्या ७२ गोळ्या मात्र परत माझ्या पिशवीत. त्यांच्या बाजूने काहीच चुकीचं नाही हे मला एव्हाना कळत होतं, तरी दादरपर्यंत मनातल्या मनात गुणाकार करत होते, १८ दिवस, १८ दिवस कुणाचे तरी. तुमच्या पेशंटची अशी गोळी बंद होणार की चालू राहणार हे पुढच्या स्कॅनवर ठरणार असेल, तर स्कॅनच्या आधी स्कीमच्या नादात तीन बाटल्या घेऊ नका, आणि एक संपल्याशिवाय दुसरीचं सील तोडू नका. आम्ही एकदा बाटली सापडेना म्हणून दुसरी फोडली होती, ती लोणच्याच्या मागे होती.

पावती मिळाली, साध्या लेटरहेडवर. भावाने विचारलं टॅक्समध्ये दाखवता येईल का. नाही येत, दानावरची करसवलत फक्त पैशाच्या दानाला लागू, वस्तूला नाही, आणि रोखीत दिलं तर तेही दोन हजारांपर्यंतच. माझा एकूण खर्च सांगायचा तर झेरॉक्स, प्रिंट, रिक्षा, दोन वेळचं बाहेरचं खाणं धरून साधारण ९०० रुपये आणि दोन सुट्ट्या. मेडिकलवाल्याने परत दिलेले धरले तर फायद्यातच म्हणायचं.

राहिलेल्यांचं काय, हेही सांगते कारण तेही कोणी सांगत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी मुदत संपलेल्या आणि न वापरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीच्या सूचना काढल्यात, त्यात १७ औषधांची यादी आहे जी चुकून कुणी खाल्ली तर जिवावर बेतू शकतं म्हणून संडासात टाकून फ्लश करायची, त्यात ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी आहे. आमच्याकडे ट्रॅमाडॉलच्या दोन स्ट्रिपा होत्या, त्या तशा टाकल्या. बाकीच्या सगळ्या गोळ्यांना हे करायचं नाही, पाण्यात जातं सगळं. केरळने कोझिकोडपासून घरोघरची जुनी औषधं गोळा करायची सरकारी योजना चालू केलीय, आपल्याकडे कधी होईल तेव्हा होईल. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं आणि वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, ओल्या-सुक्यात टाकायच्या नाहीत, हे मी आमच्या सोसायटीच्या कचरेवाल्या दादांना सांगितलं तर ते म्हणाले ताई, मला वेगळी पिशवी द्या, मी बघतो. ते कुठे बघतात मला खात्री नव्हती. मग कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारलं, त्यांच्या नर्सिंग होममध्ये बायोमेडिकल कचऱ्याची गाडी येते, ते म्हणाले आणून द्या. त्या ७२ गोळ्या, इन्शुलिन, सुया, टोक कापलेल्या ११ स्ट्रिपा, आईचं खोकल्याचं औषध, सगळं २० सप्टेंबरला तिकडे गेलं. खोकल्याच्या औषधासाठी आईशी अर्धा तास वाद घालावा लागला.

ऑक्टोबरमध्ये ट्रस्टमधून मेसेज आला, दोन्ही बाटल्या गेल्या, एक परभणीच्या पेशंटला आणि एक बंगालमधल्या मालद्याच्या. नाव विचारायचं नसतं, मी विचारलं नाही. तो माणूस ‘चहा नाही’ वाचत असेल का, मालद्याच्या पेशंटला तर मराठी येतही नसेल, असलं काहीतरी डोक्यात येऊन गेलं.

परवा दिवाळीची साफसफाई करताना फ्रीजच्या मागे पॅन्टोप्राझोलची, म्हणजे ॲसिडिटीच्या गोळीची, एक पूर्ण स्ट्रिप पडलेली सापडली, मुदत पुढच्या ऑगस्टपर्यंत. फ्रीजच्या मागे, म्हणजे गरमीत. फार्मासिस्टना फोन केला, त्यांनी हसून नाही म्हटलं. पण डायपरचं अजून एक पाकीट माळ्यावर निघालंय, तर गुरुवारी जाईन.